एकशे एक रुपयांचा इसार

“नहीं साहेब, पैसा अभी नहीं मंगता,” अण्णा फोनवर ओरडून सांगत होते. “पहले आप आव. मशीन पे हात फिराव. एक पान टाइप करके बघो. पसंत पडा, तो पैसा.”

फोन माझा होता आणि स्पीकर चालू होता. पलीकडून मेजर साहेब अतिशय अदबीनं म्हणाले, “अंकलजी, मुझे आप पर पूरा भरोसा है. आप बस पैसे ले लीजिए.”

“भरोसा आप का है, लेकिन मशीन मेरा है,” असं म्हणून अण्णांनी फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा रिबनच्या डबीत बोटं घालून बसले.

मी कपाळावर हात मारून घेतला. गिऱ्हाईक पैसे घ्या म्हणून विनवतंय आणि दुकानदार नको म्हणतोय, असा प्रकार मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. नंतरही कधी पाहिला नाही.

ही गोष्ट विट्यातली, दोन हजार एकोणीसच्या जुलैमधली. तहसील कचेरीच्या समोर, रस्ता ओलांडला की माझ्या वडिलांची, अण्णांची, टाइपिंग इन्स्टिट्यूट होती, मागं घर. एकतीस वर्षं तिथं सकाळी सहापासून खडखडाट चालायचा. गुरव सरांकडं, म्हणजे अण्णांकडं, टाइपिंग शिकलेली माणसं जिल्हाभर कचेऱ्यांतून बसली होती. मग परीक्षाच कॉम्प्युटरवर गेल्या आणि खडखडाट थांबला. बारा मशिनांपैकी अकरा किलोच्या भावानं गेली. ती टेम्पोत चढवताना अण्णा आत जाऊन बसले होते, बाहेर आलेच नाहीत. उरलं होतं ते लांब कॅरेजचं मराठी मशीन. ते मात्र भंगारात घालायचं नाही, चालवणाऱ्या माणसालाच द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि ते विकायची घाई मला होती. कोल्हापूरला एम.एस्सी.ला माझा नंबर लागला होता. फी आणि हॉस्टेलचे मिळून तेवीस हजार मंगळवारपर्यंत भरायचे होते. दोन वर्षं शेजारपाजारच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन मी चौदा हजार साठवले होते. राहिले नऊ. आई त्या आठवड्यात मावशीकडं इस्लामपूरला गेली होती, नाहीतर तिनं कुठूनतरी काढून दिलेही असते. मी मशीन पुसून, खिडकीतल्या उजेडात ठेवून चार फोटो काढले आणि जुन्या वस्तू विकायच्या अ‍ॅपवर टाकले. किंमत नऊ हजार. अण्णा म्हणाले, “एवढे कोण देणार?” मी म्हटलं, “बघूया तरी.”

‘बघूया तरी’ ही माझी लहानपणापासूनची खोड. बटण दिसलं की दाबून बघायचं, झाकण दिसलं की उघडून बघायचं. आई याला भोचकपणा म्हणायची, अण्णा चौकसपणा म्हणायचे, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

शनिवारी सकाळी साडेनवालाच मेजर साहेबांचा फोन आला. राजस्थानात पोस्टिंग. त्यांचे वरिष्ठ महाराष्ट्रातले, पुढच्या महिन्यात निवृत्त होणार, त्यांना मातृभाषेतलं मशीन भेट द्यायचं. ओळखपत्राचा फोटोही लगेच आला. वर्दीतला तरणाबांड माणूस, मिशा टोकदार. किमतीत एक रुपयाची घासाघीस नाही. सोमवारी लष्कराचा ट्रक येऊन मशीन उचलणार.

“मराठी मशीन राजस्थानात चाललंय,” अण्णा हरखून म्हणाले. मग लगेच सावध झाले. “पण सोमवारपर्यंत कुणासाठी राखून ठेवायचं तर इसार लागतो. विचार त्यांना, इसार पाठवतात का.”

इसार म्हणजे काय, हे मला मेजर साहेबांना हिंदीत समजावून सांगता सांगता घाम फुटला. पण दोन मिनिटांत माझ्या खात्यावर एकशे एक रुपये जमा झाले. अण्णांनी तेवढ्याची पावती केली, कार्बन लावून. ‘मराठी टंकलेखन यंत्र एक, इसार मिळाला, उर्वरित रक्कम माल पाहून.’ खाली सही, तारीख, शिक्का. मी तिचा फोटो काढून मेजर साहेबांना पाठवला. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

इथवर सगळं छान होतं. पुढं मेजर साहेब म्हणायला लागले की बाकीचे पैसे आजच घ्या, आणि अण्णा हटून बसले.

अण्णांचा नियम साधा होता. मशीन घेणाऱ्यानं आधी समोर बसून त्यावर एक पान टाइप करायचं. कुठली की अडकते, रोलर कागद धरतो का, ओळ संपताना घंटी वाजते का, हे त्याच्या बोटांना कळलं पाहिजे. ते पान अण्णा स्वतः वाचायचे, आणि मगच पैशाला हात लावायचे. न बघितलेल्या मालाचे पुरे पैसे घेणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरीच होती. बारा मशिनं घेताना ते असंच वागले होते आणि शेवटचं विकतानाही तसंच वागणार होते.

शनिवारी दुपारपर्यंत मेजर साहेबांचे चार फोन झाले. लष्कराचा नियम आहे, ट्रक निघायच्या आधी पैसे चुकते झाले पाहिजेत. अण्णांचं उत्तर एकच. शेवटी ते म्हणाले, “ट्रक के साथ टाइप आनेवाला आदमी भेजो.”

फोन ठेवल्यावर अण्णा चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडं बघत राहिले.

“नयना, एक गंमत बघ. पैसे चुकवणारी गिऱ्हाइकं मी ढीगभर पाहिली. पैसे द्यायची एवढी घाई असलेलं एकसुद्धा पाहिलं नाही. का असेल गं?”

“सगळेच तुमच्यासारखे नसतात, अण्णा. त्यांना कामं असतात,” मी फणकाऱ्यानं म्हटलं.

खरं तर प्रश्न चांगला होता. तो मला स्वतःला पडायला हवा होता.

शनिवारी दुपारी चारला कमल परीट आल्या. त्या तहसीलच्या आवारात पत्र्याखाली बसून अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून द्यायच्या. अण्णांच्याच जुन्या विद्यार्थिनी. उन्हानं रापलेला चेहरा, पदर कमरेला खोचलेला, बोटांची टोकं कार्बननं कायमची निळी. सकाळी त्यांच्या मशीनचा कॅरेज मोडला होता.

“सर, तुमचं ते लांब मशीन हाय न्हवं अजून? मला द्या. साडेसहा हजार हायती. बाकीचं दोन-तीन म्हयन्यात देती. सोमवारी वारसाची अठरा प्रतिज्ञापत्रं हायती माझ्याकडं. लोकं खेड्यातनं येत्यात, त्यास्नी परत कशी लावू?”

साडेसहा म्हणजे माझे अडीच गेले. पण मला बोलावंच लागलं नाही.

“परीटबाई, मशीनचा इसार घेतलाय मी,” अण्णा म्हणाले. त्यांना ते म्हणणं जड गेलं, ते मला दिसत होतं. “सकाळीच घेतला. तुम्ही त्याच्या आधी आला असता तर…”

कमलताईंनी वाद घातला नाही, गयावया केली नाही. “इसार झाला म्हंजे झालंच,” एवढंच म्हणाल्या. जाताना मशीनच्या रोलरवरून निळी बोटं फिरवून गेल्या. बिचाऱ्यांना फसवल्यासारखं मला वाटलं, पण मंगळवार डोळ्यांसमोर होता.

रविवारी सकाळी अण्णा केस कापायला गेले आणि मेजर साहेबांचा फोन आला. जणू ते गेल्याचं त्यांना कळलंच होतं.

“बेटी, पिताजी पुराने ख़यालात के हैं. बुरा मत मानना, मेरे पिताजी भी ऐसे ही हैं. लेकिन तुम तो पढ़ी-लिखी हो.”

मी पढ़ी-लिखी होते. बी.एस्सी.ला पहिला वर्ग होता. आणि पढ़ी-लिखी म्हटल्यावर माझी मान जी ताठ झाली, ती पुढचा अर्धा तास वाकली नाही. ते म्हणाले, मी एक कोड पाठवतो, तू फक्त स्कॅन कर, पैसे तुझ्या खात्यात येतील. ट्रक निघालाय, आता उशीर झाला तर सौदाच रद्द करावा लागेल.

कोड आला. काळ्या-पांढऱ्या चौकटींचं चित्र, खाली नऊ हजार रुपये. आईचा फोन घरीच राहिला होता, त्यावर मी ते चित्र घेतलं आणि माझ्या फोननं स्कॅन केलं. फोननं पिन मागितला.

इथं मी थांबले, हे मला स्वच्छ आठवतं. “साहेब, पैसे घेताना पिन कशाला?” मी विचारलं. हिंदीत, चांगल्या ठसक्यात.

“शाबाश!” मेजर साहेब म्हणाले. “यही तो सवाल पूछना चाहिए. फ़ौज का खाता है बेटी, दोनों तरफ़ से पिन लगता है. सुरक्षा के लिए.”

मला ते पटलं नाही. लोकांना वाटतं आपल्याला पटलं म्हणून आपण फसतो. मला नीट पटलं नव्हतं, पण शाबासकी मिळाली होती, अण्णा अजून न्हाव्याकडं होते आणि बटण समोर होतं. बघूया तरी, असं मनात आलं, आणि मी पिन दाबला.

नऊ हजार आले नाहीत, गेले.

“अरे अरे अरे,” मेजर साहेब माझ्याहून जास्त घाबरले. “उल्टा हो गया! एक मिनट, अकाउंट सेक्शन की मैडम को देता हूँ.” एक बाई आल्या. मागं कचेरीतल्यासारखे आवाज येत होते. त्या फार शांतपणे म्हणाल्या की घाबरू नका, असं होतं, पाच हजारांचा दुसरा कोड पाठवतेय, तो स्कॅन केला की आधीचा व्यवहार उलटतो आणि सगळे चौदा एकदम परत येतात.

माझ्या खात्यात किती उरले आहेत हे त्यांना कसं कळलं, असा प्रश्न मला आज पडतो. उत्तरही आज येतं. पहिल्या फोनच्या वेळी मीच मेजर साहेबांना कौतुकानं सांगितलं होतं की फीसाठी मी चौदा साठवलेत आणि मशीनचे नऊ हवेत.

मी दुसरा कोडही स्कॅन केला.

मग त्यांनी अकराशे मागितले. मी म्हटलं, नाहीत. बाईंनी विचारलं, “घर में और किसी का खाता?” मी म्हटलं, अण्णांचं आहे, पण ते फोनवर नाही, पासबुकवर आहे. “ठीक है,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. अगदी सभ्यपणे ठेवला. पुन्हा लावला तर बंद. सतरा वेळा लावला.

अण्णा आले. मानेवर पावडर, कानाभोवती स्वच्छ उतरवलेले केस. “काय गं, मेजरांचा फोन?”

“नाही,” मी म्हटलं आणि भाताला कुकर लावला.

त्या दिवशी दुपारी मी जेवले कशी, बोलले काय, काही आठवत नाही. एवढं आठवतं की फोनवरचा तो आकडा, दोनशे बारा रुपये, मी दर पाच मिनिटांनी उघडून बघत होते. वेगळं काहीतरी दिसेल असं वाटायचं. आणि पैशाहून जास्त डोक्यात हे होतं की अण्णांना कळता कामा नये. तेवीस हजारांचं मंगळवारी काहीही होवो. नंबर रद्द झाला म्हणेन, यादीत चूक होती म्हणेन, कोल्हापूरच आवडत नाही म्हणेन. दुपारभरात मी चार थापा तयार केल्या होत्या आणि त्यातली कुठली जास्त बरी, हे ठरवत होते.

साडेचारला कमलताई पुन्हा आल्या.

“सर, एकदा इचारावं म्हटलं. ते मिल्ट्रीवालं नक्की येणार हायती का? विट्यात दुसरं मशीन न्हाई. तासगावला फोन लावला, तिथं बी न्हाई.”

अण्णांनी माझा फोन मागून मेजर साहेबांना लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

“रविवार आहे,” अण्णा म्हणाले. “परीटबाई, उद्या ट्रक येणार आहे. इसार घेऊन मी दुसऱ्याला मशीन दिलं तर शब्दाला काय राहिलं? उद्या संध्याकाळपर्यंत नाही आले, तर परवा तुम्हालाच.”

“परवा घिऊन काय करू, सर? अठरा घरं उद्या येत्यात.” पण त्या पायरी उतरायला लागल्याच. एकशे एक रुपयांचा मान ठेवून.

मला पायरीवरची ती पाठमोरी बाई दिसत होती आणि खुर्चीत अण्णा दिसत होते, हात मांडीवर, मान खाली. चोराच्या इसाराला दोन सच्ची माणसं बांधली गेली होती, आणि तो चोराचा आहे हे तिघांत एकट्या मला माहीत होतं. ते मशीन सोडवायचं तर मला कसं कळलं हे सांगावं लागणार होतं. माझ्या चारी थापा तिथं कुचकामी होत्या.

“अण्णा, तो येणार नाही,” मी म्हटलं.

“तुला काय माहीत?”

कमलताई पायरीवरच थांबल्या.

मी सांगितलं. आधी भराभर, मग रडत, मग पुन्हा सुरुवातीपासून, कारण पहिल्यांदा काहीच धड कळलं नसावं. अण्णांनी फोन हातात घेतला, चष्मा नीट केला आणि सगळे निरोप वरपासून खालपर्यंत वाचले. पोरींची टाइप केलेली पानं वाचायचे तसे, ओळीखाली बोट धरून.

“पैसे घेताना पिन लागतो?” त्यांनी विचारलं.

“नाही. कधीच लागत नाही. द्यायलाच लागतो.”

“हे तुला नंतर कळलं?”

“आधीपासून माहीत होतं.”

“माहीत होतं आणि दाबलंस?” आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं, आणि तेच मला सहन होईना. “का गं?”

“बघूया तरी, असं वाटलं. आणि…”

“आणि?”

“तुम्हाला दाखवायचं होतं. की तुमचे नियम जुने झालेत. तुम्हाला दोन दिवसांत घेता आले नाहीत ते पैसे मी दोन मिनिटांत घेतले, असं.”

अण्णांनी फोन मशीनच्या शेजारी ठेवला. मला वाटलं आता उठून आत जातील, ती अकरा मशिनं गेली तेव्हा गेले होते तसे. पण मध्येच कमलताई आत आल्या आणि माझ्यावरच खेकसल्या.

“रडतीस काय! आधी बँकेला फोन लाव. कार्डाच्या मागं नंबर असतोय. खातं बंद कराय सांग, पिन बदल. ते मेलं अजून एकदा हात घालंल. अर्जाचं मागनं बघू.”

मी फोन लावला. अर्धा तास गाणं ऐकल्यावर माणूस लागला. खातं गोठवलं, तक्रारीचा नंबर दिला, लेखी अर्ज आणा म्हणाला.

फोन होईपर्यंत अण्णांनी मशीनवरचं कापड काढलं होतं आणि खुर्ची पुढं ओढली होती.

“परीटबाई, बसा. मशीन घ्यायचं तर पान काढावं लागेल. नियम आहे.”

“काय टाइप करू?”

“हिचा अर्ज.”

कमलताईंनी तीन कागदांच्या मध्ये दोन कार्बन लावले, कागद चढवला, रोलर फिरवला. त्यांची बोटं पडली आणि खोलीत वर्षभरानं तो खडखडाट झाला. प्रति, माननीय पोलीस निरीक्षक. अर्जदार, कुमारी नयना महादेव गुरव. मी सांगत गेले. पहिला फोन किती वाजता, इसार किती, ओळखपत्र कसलं, पहिला कोड, दुसरा कोड. फोन नंबर अण्णा वाचून दाखवत होते. मध्ये ते म्हणाले, “त्यांनी इसार दिला तेही घाला. एकशे एक. ते आपण चौकीत जमा करणार आहोत. मला नकोत.”

“सर, ते कुठल्या रजिस्टरला लिवतील?”

“तो त्यांचा प्रश्न.”

शेवटाला आल्यावर मी सांगितलं, “अशा प्रकारे माझ्या मूर्खपणामुळे माझे चौदा हजार रुपये…”

खडखडाट थांबला.

“असं न्हाई लिवत आमी,” कमलताई कागदाकडंच बघत म्हणाल्या. “तेवीस वर्षं टाइप करती. जमीन गेली, दागिनं गेलं, नवऱ्यानं टाकली, समदे येत्यात आन् पयलं हेच सांगत्यात. माझ्या मूर्खपणामुळं. ते अर्जात घालायचं नसतंय. ‘विश्वासाने’ असं घालायचं. समोरच्यानं काय केलं ते अर्जात येतंय.” आणि माझी वाट न बघता त्यांनी टाइप केलं, ‘सदर इसमावर विश्वास ठेवल्याने.’

मी अण्णांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटतं, त्या दिवशी मला खरा धीर आला तो त्या एका शब्दानं.

पान निघालं. अण्णांनी वाचलं आणि साडेसहा हजार घेतले. बाकीचे द्यायचे नाहीत, असं कमलताईंना बजावून सांगितलं.

“एक प्रत चौकीला, एक बँकेला,” कमलताई म्हणाल्या. “तिसरी?”

“तिसरी बाहेर फळ्यावर लावू,” अण्णा म्हणाले.

इन्स्टिट्यूटच्या दाराशेजारी काचेविना एक फळा होता. पूर्वी त्यावर निकाल लागायचे. तहसीलला येणारं-जाणारं प्रत्येक माणूस तिथून जायचं.

“अण्णा! सगळं गाव वाचेल!”

“म्हणूनच.” मग माझं तोंड बघून ते मवाळ झाले. “तुझं नाव आहे, तुझा कागद आहे. तुझी इच्छा. मी लावणार नाही.”

चौकीतल्या हवालदारांनी अर्ज घेतला, पोच दिली, एकशे एक रुपये मात्र हसून परत केले. ते अण्णांनी येताना देवळाच्या पेटीत टाकले. पैसे काही परत आले नाहीत, हे इथंच सांगून टाकते. कोल्हापूरही त्या वर्षी हुकलं. माझा प्रवेश झाला तो पुढच्या वर्षी. त्या वर्षाचं वाईट वाटलं, अजूनही कधीकधी वाटतं.

सोमवारी सकाळी नवाला मी तो कागद घेऊन बाहेर आले. धीट झाले होते असं काही नाही. रात्रभर एकच विचार करत होते, की मी हे लपवायला चार थापा तयार केल्या, मग माझ्यासारखे आणखी किती जण आपापल्या थापा घेऊन हिंडत असतील? विट्यात मी एकटीच असेन हे शक्य होतं का? मला ते कळून घ्यायचं होतं. चार टाचण्या मारल्या आणि आत येऊन खिडकीच्या आडोशाला उभी राहिले.

पहिला तास वाईट गेला. रेशन दुकानाचा माणूस मोठ्यानं वाचून हसला. दोन कॉलेजच्या पोरी वाचून एकमेकींना कोपरानं ढोसत गेल्या. एक बाई म्हणाली, “शिकून काय उपेग!” मी दोनदा कागद काढायला निघाले. अण्णा जागेवरून म्हणाले नाहीत की काढ, म्हणाले नाहीत की राहू दे.

दहाच्या सुमारास कमलताई हातगाडी घेऊन मशीन न्यायला आल्या. अण्णांनी एक बाजू धरली, त्यांनी दुसरी. उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले, कारण दारात फळ्यासमोर लोंढे सर उभे होते. लोंढे सर म्हणजे आमचे निवृत्त मुख्याध्यापक. गणित शिकवायचे. गावात कुणाच्याही व्यवहारात शंका आली की लोक त्यांना विचारायला जायचे, आणि ते प्रत्येकाला आधी अक्कल शिकवून मगच सल्ला द्यायचे. मी खिडकीमागं आणखी सरकले.

सरांनी अर्ज वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग इकडंतिकडं बघितलं. रस्त्यावर कुणी ओळखीचं नाही, अशी खात्री केली असावी. त्यांनी दारात पाऊल टाकलं, पण बोलले ते अण्णांशी नाही.

“परीटबाई,” ते घसा साफ करून म्हणाले, “हा मजकूर आहे असाच ठेवून… यातलं नाव तेवढं बदलता येईल का? आकडाही बदलावा लागेल. यापेक्षा जास्त आहे.”

अण्णांनी आणि कमलताईंनी एकमेकांकडं बघितलं. मशीन पुन्हा आत आणून टेबलावर ठेवलं. कमलताई बसल्या, कागद चढवला. मी खिडकीमागून बाहेर येऊन सरांसाठी खुर्ची ओढली.

“सांगा, सर,” कमलताई म्हणाल्या. “पूर्ण नाव.”